सहा फूट दोन इंच

केझियाच्या दारात सायलस पहिल्यांदा आला तो पावसामुळे. बिअरला लागणारी हॉपची फुलं वाळवायच्या भट्टीवर नवा माणूस लागलाय, एवढंच तिच्या कानावर होतं. चिंब भिजलेला, अंगाला धुराचा नि गंधकाचा वास... "जरा आत थांबू का?" म्हणाला, आणि आत येऊन तिच्याकडे बघायचं सोडून भिंतीलगतच्या कपाटाकडेच बघत राहिला! तिच्या आईचं बशांचं कपाट होतं ते. आईमागे तेवढंच उरलेलं.

"ओकचं का?" त्याने विचारलं.

"ओकचं. आणि मी केझिया. कुणी विचारलंच तर सांगून ठेवते."

तो कानापर्यंत लाल झाला. मग उगाच कपाटाला विती लावत बसला... आणि केझियाबाईंचा जीव तिथेच जडला.

पुढचे तीन आठवडे ती भट्टीवर चहा न्यायची. तो निखाऱ्यात बटाटे भाजायचा नि मोठा बटाटा तिच्यापुढे सारायचा. मनातलं मात्र कुणीच बोलत नव्हतं.

आणि मग आल्या मिस हेस्टर! जुन्या भट्ट्या नि शेतावरची घरं मोजून कागदावर उतरवायला. विटांची गोल भट्टी, तिच्या डोक्यावरची वाऱ्याबरोबर फिरणारी लाकडी टोपी, शेजारची बुटकी घरं — सगळं मोजायचं होतं त्यांना. आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोण? सायलस!

"हात दुखत असेल ना रे तुझा?" केझियाने चहाचा मग आपटला. "दोन दिवस टेप धरतोयस."

"भट्टीची भिंत किती जाड आहे माहितेय? चौदा इंच!"

"तुझ्या डोक्याइतकी."

"रागावलीस?"

"मी? मी कशाला रागावू? धर की टेप. जन्मभर धर!"

त्याच दुपारी सायलस नि मिस हेस्टर भट्टीपलीकडच्या रिकाम्या घरात शिरताना तिला दिसली. आतून हसण्याचा आवाज आला. रिकाम्या घरात इतका वेळ मोजायचं तरी काय असतं?

दुसऱ्या दिवशी हॉपची तोडणी संपली. शेवटचा वेल उतरला की बायका एका बिनलग्नाच्या बाप्याला धरतात नि लाकडी चौकटीला टांगलेल्या तोडणीच्या झोळीत टाकतात. एखादीने मुका घेतल्याशिवाय सुटका नाही. यंदा सायलसच सापडला. गळ्यापर्यंत हॉपमध्ये बुडाला बिचारा.

"अगं, मोजणीच्या बाईंना बोलवा!" तोडणीवरच्या प्रॉबर्टबाई ओरडल्या. "तीन दिवस जोडीनं हिंडतायत!"

मिस हेस्टर हसत पुढे झाल्या. हातातला कागद त्यांनी नेमका केझियाकडे दिला. "धर गं जरा, चुरगळेल."

चुरगळेल? टराटरा फाडावासा वाटला तिला! फाडण्याआधी तिने एकदा पाहिलं...

रिकाम्या घराचा नकाशा होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक चौकोन, त्यात बाईंचं नेटकं अक्षर — 'केझियाच्या आईचं कपाट. उंची सहा फूट दोन इंच.' खाली सायलसचं वेडंवाकडं अक्षर — 'भिंतीला बसतं. दार बुटकं, सहाच फूट; चौकट काढावी लागेल. तिला कसं विचारू?'

"थांबा!" केझिया किंचाळली. कागद बाईंच्या हातात कोंबून तिने झोळीच्या चौकटीवर पाय टाकला नि धपकन आत पडली. बायकांनी एकच गिल्ला केला. मुका तिने घेतला खरा, पण घाईत तो त्याच्या नाकावर बसला.

"सायलस," तिला धाप लागली होती, "दाराची चौकट नको काढूस. कपाटाची वरची पट्टी सुटते. दोनच खिळे आहेत."

त्याने हॉपमधून मान वर काढली. "म्हणजे... हो?"

"म्हणजे बरोबर सहा फूट भरेल, मूर्खा," ती म्हणाली, आणि या खेपेला मुका नीट घेतला.