नारूचा वाटा

मस्कतहून सुट्टीवर आलं की श्रीनाथची पहिली फेरी शेवंतीकाकीकडे असायची. तिच्या गुडघ्यांसाठी बाम आणि एक खजुराचं पाकीट, हा त्याचा ठरलेला आहेर. काकीचा मुलगा नारायण, म्हणजे नारू, हा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. लाटंबार्श्यातल्या त्या घरात या खेपेला नारू नव्हता. गेल्या उन्हाळ्यात शिकारीला गेला असताना रानडुकरानं त्याला फाडलं, असं योगेशनं फोनवर सांगितलं होतं.

काकीनं बाम न बघताच बाजूला ठेवला. रडली मात्र नाही.

"माका त्येचा आंग बघूक दिल्यानी नाय रे. फडक्यात गुंडाळून हाडल्यानी, तसोच न्हेलो. डुकरान त्येका खंय मारल्यान, तेवढा तू इचार. तुका ते खरा सांगतले."

विचारतो, असा श्रीनाथनं शब्द दिला. आता शब्द द्यायला काय जातं? पाळायची वेळ आली की जिभेला गाठ पडते.

त्या दिवशी नारूबरोबर रानात असलेले योगेश आणि गौरेश, हे बाकीचे दोन सवंगडी, त्याला बघून हरखले. मस्कतच्या एसीत बसून तुझ्या तंगड्यांना गंज चढलाय, म्हणून योगेशनं त्याला पोटभर पिडलं, हुर्राकाची, म्हणजे काजूच्या कोवळ्या दारूची बाटली काढली आणि रविवारी शिकारीचा बेत ठरवला. जिथं मित्र मेला त्याच रानात मजा करायला जायचं, हे श्रीनाथला मुळीच रुचलं नाही. पण घरी योगेशची बायको पूजा सारखी आत-बाहेर करायची; एकांतात तो सापडेना. रानातच विचारू, असं ठरवून श्रीनाथ निघाला.

काजूचा डोंगर चढताना गळून पडलेल्या बोंडांचा आंबूस वास नाकात बसला होता. पूर्वी हाके घालायचं, म्हणजे ओरडून जनावर उठवायचं काम नारूचं. त्याचा हाका लांबलचक, आणि शेवटी टाळूवर जीभ आपटून काढलेला एक टाळा. त्या टाळ्यावर डुक्कर नेमकं बंदुकीसमोर यायचं. आता ते काम गौरेश करत होता, आणि त्याचा घसा सकाळीच बसला.

तरी डुक्कर आलं. योगेश दोन कातळांच्या खिंडीत दबा धरून होता. त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा बार झाला, जनावर कोलमडलं, पण मरेना. मागचे पाय ओढत, किंचाळत ते श्रीनाथच्या अंगावर आलं. गौरेशनं कोयत्यानं मानेवर घाव घातला, मग दुसरा, मग तिसरा. गरम रक्ताची चिळकांडी श्रीनाथच्या तोंडावर उडाली. तो शिसारीनं मागं सरला आणि योगेश पोट धरून हसला.

दुपारी काजूच्या सावलीत सागाची पानं मांडून गौरेशनं वाटे घातले. कापणाऱ्यानं दुजाभाव केला असं कुणी म्हणू नये, म्हणून एकानं पाठ फिरवून बसायचं. कापणारा एका वाट्याला कोयत्याचं टोक लावून विचारतो, पाठमोरा नाव घेतो, आणि एकदा पडलेलं नाव परत उचलता येत नाही. बापजाद्यांची रीत. पाठ करून बसला श्रीनाथ.

"हो कोणाचो?"

लहानपणापासून पहिलं उत्तर ठरलेलं. हाकेवाल्याचा मान पहिला. पोटात हुर्राक, डोक्यात सकाळपासूनचं ऊन, आणि जीभ सवयीनं वळली.

"नारूचो."

श्रीनाथनं वळून बघितलं तर योगेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"नाव पडला..." गौरेश पुटपुटला.

"मेल्याक कसलो वाटो?" म्हणत योगेशनं त्या पानाला लाथ घातली. मांस मातीत लोळलं.

श्रीनाथचं डोकं फिरलं. डुकरानं नारूला कुठं मारलं, असं त्यानं थेट विचारलं. योगेश तोंड फिरवून उभा राहिला. गौरेशच्यानं मात्र राहवलं नाही.

"डुकर नव्हतोच रे... झाडी हलली, आणि ह्येना बार काढलो. छातीत. पोलिसांक कळला तर शिकारीचो गुन्हो... म्हणान आमी..."

तेवढ्यात खालच्या झाडीतून हाका आला. लांबलचक, आणि शेवटी टाळा.

पाखरं एकदम गप्प झाली. हाका पुन्हा आला, जवळून. खोडांवर दगड बडवल्याचे आवाज, कडाकडा मोडणाऱ्या फांद्या... माणूस मात्र कुठंच दिसेना. योगेशचा धीर सुटला. फांदीला लटकवलेली रिकामी बंदूक तशीच टाकून तो धावत सुटला. तो डावीकडे वळला की हाका डावीकडून, उजवीकडे वळला की उजवीकडून. कसबी हाकेवाला जनावर वळवतो, तसं त्याला कुणीतरी वळवत होतं. कातळांच्या खिंडीकडे.

"त्या वाटेन जाव नको!" श्रीनाथ ओरडला.

खिंडीत बार झाला.

दोघं पोचले तेव्हा योगेशच्या टाचा अजून माती उकरत होत्या. छातीची छऱ्यांनी चाळण झाली होती. उजवा हात खांद्यापासून नव्हता. एकाच घावात, साफ तोडलेला. गौरेशचा कोयता गौरेशच्याच हातात होता, त्यावरचं डुकराचं रक्त कधीच सुकलं होतं. योगेशची बंदूक मागं काजूच्या फांदीलाच लटकत होती, थंड.

गौरेश माणसं आणायला गावात पळाला. श्रीनाथ रक्ताच्या कपड्यांनिशी काकीच्या दारात उभा राहिला तेव्हा दिवेलागण होत होती. खरं काय ते तिला सांगायला तो आला होता. घरात भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मटणाचा वास भरला होता. न्हाणीत कुणीतरी तांब्यानं पाणी ओतून घेत होतं.

"ये," काकी म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा निवला होता. "तू काय सांगा नको. त्येनाच येवन सांगल्यान."

चुलीच्या कट्ट्यावर सागाच्या पानांच्या दोन पुड्या होत्या. एक सोडलेली, पानाला रक्त आणि माती लागलेली. दुसरी हातभर लांब, रानवेलीनं घट्ट बांधलेली.

"काकी... ही कोणाची?"

"तुजी. तुका दी म्हणान ठेवल्यान. तू त्येचा नाव घेतलंस मगे." तिनं पाट मांडला. "बस. हात धुवन येता हा तो."

न्हाणीतलं पाणी थांबलं. वेलीखालची पानं, आत मूठ उघडावी तशी, हळूच वर उचलली गेली, मिटली, आणि पुन्हा उचलली गेली.