“इटालियन चालवत होता ना?”

फौजदारबाईंनी फोन खाली ठेवला नव्हता, तोच हवालदारानं निकाल देऊन टाकला.

“जुन्या गाड्यांची फेरी होती, बाई. त्यातली लाल इटालियन गाडी वळणावर फुटपाथवर चढली. शाळेतल्या एक बाई जागच्या जागी गेल्या. चालवणारापण इटालियन. आता बोला!”

“तो चालवत होता हे कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? त्यांच्याकडे ब्रेक म्हणजे भित्र्या माणसाचं लक्षण.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण वळणावर जमलेली झाडून सारी माणसं तेच बोलत होती. गाडीचा मालक मोडका हात छातीशी धरून बसला होता. तोही म्हणाला, “मी शेजारी होतो. चाकावर उस्ताद.”

उस्ताद म्हणजे मालकाचा मिस्त्री. गाडी इटलीहून आली, तिच्याबरोबर तोही आला. इथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, इथली भाषा शिव्यांसकट शिकला, पण लोकांच्या लेखी इटालियन तो इटालियनच राहिला. अपघातात तो आणि मालक, दोघेही उघड्या गाडीतून बाहेर फेकले गेले होते. दोघांच्या डोक्यावर सारखी चामड्याची टोपी, डोळ्यांवर सारखेच मोठे चष्मे. चाकावर कोण होतं, हे रस्त्यावरचा कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हता.

समोरच्या किल्लीवाल्यानं एवढंच सांगितलं, “वळण आलं, समोर त्या बाई दिसल्या. गाडी हळू व्हायची सोडून डरकाळी फोडून सुटली.”

रस्त्यावर चाकं घासल्याची एकही खूण नव्हती. फौजदारबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. तीन पेडलं होती. मधल्याचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, उजव्याचं रबर जवळजवळ शाबूत होतं.

“ब्रेक न मारणाऱ्याचा ब्रेक एवढा कसा रे झिजला?”

“गाडी म्हातारी आहे, बाई,” हवालदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात उस्तादच्या घशात नळी होती आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. बोलणं शक्यच नव्हतं.

“गाडी तुम्ही चालवत होता?”

त्यानं मान हलवली. नाही.

“मग मालक?”

हो.

“मरताना तरी खरं बोलावं माणसानं,” हवालदार पुटपुटला.

उस्तादनं ते ऐकलं असावं. डाव्या हाताची तीन बोटं त्यानं चादरीवर टेकवली आणि मधलं तेवढं पुन्हा पुन्हा दाबत राहिला. दाबायचा, फौजदारबाईंकडे बघायचा, पुन्हा दाबायचा.

“तीन पेग झाले होते म्हणतोय.”

“गप्प बस. रक्तात दारूचा थेंब सापडलेला नाही.”

थोड्या वेळानं उस्तादचे डोळे मिटले. नर्सनं दोघांना बाहेर काढलं.

“बायकोची वाट बघतोय तो. अपघातापासून ती इकडे फिरकलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघणं कठीण आहे.”

फौजदारबाई तडक शाळेत गेल्या. उस्तादची बायको तिथेच शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत ती एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होती. ती खुर्ची गेलेल्या बाईंची होती. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी, एका बाकावर बसून शिकलेल्या.

“तुम्ही भेटायला जा त्यांना,” फौजदारबाई म्हणाल्या. “वेळ फार कमी आहे.”

“माझी मैत्रीण मारली त्यानं. माझा भाऊ तेव्हाच म्हणाला होता, त्या लोकांच्या हातात चाक देऊ नये. मी भावाशी भांडले. हा तसा नाही, म्हणून सगळ्यांशी भांडले. तोंडघशी पडले ना आता?”

“ते म्हणतात, मी चालवत नव्हतो.”

तिनं रिकाम्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“मग सिद्ध करा. सिद्ध झालं तर अशी उठून धावत येईन. तोवर मला त्याचं तोंड बघायचं नाही.”

चौकीच्या आवारात गाडी उभी होती. पुढची एक बाजू चेपली होती, बाकीची बरी होती. फौजदारबाईंनी बॉनेट उघडलं, हवालदाराला सीटवर बसवलं आणि स्वतः इंजिनावर वाकल्या.

“ब्रेक दाब.”

हवालदारानं दाबला. बाई इंजिनाकडे बघत राहिल्या.

“पुन्हा दाब.”

“काय झालं, बाई?”

“मालकांना बोलावून घे. आत्ताच्या आत्ता.”

मालक हात गळ्यात अडकवून आला. बाईंनी त्याला अदबीनं गाडीत चाकामागे बसवलं. “साहेब, तुमच्याएवढं या गाडीबद्दल कुणाला कळतं? जरा समजावून सांगा.”

गाडीत बसताच मालकाची कळी खुलली. आठ सिलिंडर, हातानं ठोकलेला पत्रा, जिंकलेल्या शर्यती. बाई ऐकत ऐकत बॉनेटपुढे गेल्या, आवारातल्या पाण्याच्या पिंपाचं झाकण उचललं आणि त्याच्यासमोर फरशीवर दाणकन आपटलं.

“ब्रेक!”

मालकाचा पाय धाडकन मधल्या पेडलवर बसला. इंजिनातली सळई खाडकन पुढे सरकली. मालकानं पायाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेब, ब्रेक उजवीकडे आहे,” फौजदारबाई म्हणाल्या. “या गाडीत मधलं पेडल अ‍ॅक्सिलरेटरचं. आजच्या गाड्यांपेक्षा उलट. म्हणून तर ते एवढं झिजलंय. उस्ताद तीन बोटं टेकून मधलं दाबून दाखवत होता, ते हेच. त्याचा पाय वर्षानुवर्षं या पेडलांवर होता, तो झोपेतही चुकला नसता. चुकेल कोण? आयुष्यभर साध्या गाड्या चालवलेला माणूस. तोही शांतपणे चालवताना नाही, घाबरल्यावर. समोर बाई दिसल्या, तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबलात आणि गाडीनं डरकाळी फोडली. हवालदाराचा पायही मधल्यावरच गेला. पण चाकावर असण्यासारखे दोघंच होते, आणि उस्तादचा पाय तिथं जाणार नाही.”

मालक सीटवरच खचला.

“क्लबात हसायचे मला,” तो म्हणाला. “गाडी याची आणि चालवतो मिस्त्री. पेट्रोल पंपावर मीच म्हटलं, शेवटचा टप्पा मी नेतो. तो नको म्हणत होता. म्हणाला, डोक्याला कळेल हो, पायाला कळायला वेळ लागतो, आधी मोकळ्या मैदानात शिका. मी ऐकलं नाही.”

“आणि आळ त्याच्यावर ढकललात.”

“मी नाही ढकलला! शुद्धीवर आलो तेव्हा लोकच विचारत होते, इटालियन चालवत होता ना? तुमचे हवालदारही तेच विचारत होते. मी नुसतं हो म्हटलं, बाई. एक हो.”

हवालदार मान खाली घालून उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला सारं गाव जमलं होतं, त्यात तो सर्वांत पुढे होता.

जबाबावर सही झाली. फौजदारबाईंनी इस्पितळाला फोन लावला, नर्सचं बोलणं ऐकलं आणि ठेवून दिला. मग त्या शाळेत गेल्या. हवालदाराला त्यांनी बरोबर घेतलं नाही.

त्यांना दारात बघताच उस्तादची बायको उठली. पर्स तिच्या खांद्याला आधीच होती.

“सिद्ध झालं?”

“झालं. गाडी मालक चालवत होता. तुमच्या नवऱ्याचा काही दोष नव्हता.”

“मला वाटतच होतं! चला, लवकर चला. त्याला आधी सांगते, मी...”

फौजदारबाई दारातून हलल्या नाहीत. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

“कधी?”

“तासाभरापूर्वी.”

ती हळूहळू खाली बसली. रडली नाही. पर्स तशीच खांद्यावर होती.

“सकाळपर्यंत माझ्याकडे निदान राग तरी होता, बाई,” ती म्हणाली. “तोही आता तुम्ही काढून घेतलात.”