विरक्तिगंध

शहरापासून दूर, माळावरच्या संशोधन केंद्रात तिघेच राहत होते: कोळीतज्ज्ञ डॉ. ऋजुता कुंटे, रसायनतज्ज्ञ निहार बिडकर आणि यंत्रं सांभाळणारा केदार, ऋजुताचा नवरा. कुसळ्या कोळी जाळं विणत नाही, गवताच्या बुडाशी बिळात राहतो. त्याची थरथर टिपणारे कंपनदर्शी केदारने माळभर पुरले होते. पण त्या थरथरीचा अर्थ लावायला जगात दोनच माणसं होती, ऋजुता आणि बिडकर. केदारला तेच सलायचं. दोघं हसली की आपल्यालाच हसली असं त्याला वाटे.

एका संध्याकाळी जेवताना बिडकर म्हणाला, "मीलनानंतर नर मादीच्या अंगावर एक द्रव्य सोडतो. मग दुसरे नर तिच्या शेजारून जातात, पण थांबत नाहीत."

"घाबरतात?" केदारने विचारलं.

"छे! राग नाही, भीती नाही. फक्त रस उडतो. आम्ही त्याला विरक्तिगंध म्हणतो."

'आम्ही' हा शब्द केदारला घासासारखा अडकला.

"गंमत म्हणजे पुरुषाच्या नाकालाही तो कळतो, वास असेतो त्याचाही रस उडतो," ऋजुता बिडकरकडे बघत म्हणाली. "बायकांच्या नाही. आठवडाभर येत राहिला, तर मेंदू त्या वासाची आणि त्या व्यक्तीची गाठ मारतो. मग वास गेला तरी गाठ सुटत नाही."

केदारने हिशेब केला. नर खूण करतो ती स्वतःच्या मादीवर. तेव्हा खूण करणाऱ्याला बाधा होत नसणारच. दुसऱ्या दिवशी त्याने शीतपेटीतली त्या द्रव्याची कुपी काढली आणि चार थेंब ऋजुताच्या खोबरेल तेलाच्या बाटलीत टाकले.

चौथ्या दिवशी बिडकर जेवण आटोपून लगेच उठला. आठव्या दिवशी ऋजुता त्याला नवं निरीक्षण सांगत होती, तर तो मधेच मोबाइल बघू लागला. कित्येक महिन्यांनी केदारला शांत झोप लागली.

मग ऋजुता पुण्याला निधी समितीपुढे बोलायला गेली. परत आली ती थेट प्रयोगशाळेत शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तेलाची बाटली होती.

"सात पुरुषांपैकी एकानेही मान वर केली नाही, केदार. दहा वर्षांचं काम! समितीतल्या एकट्या बाई तेवढ्या प्रश्न विचारत होत्या. तेव्हा मला संशय आला. आत्ता तपासलं, या तेलात विरक्तिगंध आहे."

"मला फक्त बिडकरला..."

"आमच्यात काही नव्हतं. आमच्यात कोळी होता."

तिने बाटली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"खूण करणारा नर सुटतो, असं वाटलं तुला?"

"सुटत असणारच."

"नाही सुटत. द्रव्य सोडल्यावर तासाभरात तो मरतो. त्याच्यासाठी वेगळी सोय करायची निसर्गाला गरजच पडली नाही."

ती रडत होती. अशा वेळी खांद्यावर हात ठेवायचा असतो, हे केदारला कळत होतं. हात उचलला गेला नाही. पुण्यात काय झालं हे आपण तिला विचारलंही नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचंही त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याची नजर तिच्या मागच्या संगणकाच्या पडद्यावर गेली. तिथे माळाची थरथर रेघारेघांनी उमटत होती.

ऋजुताने बॅग भरली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कोणीतरी तिच्याशी बोललं, दार उघडून मिटलं. तिला न्यायला कोण आलं होतं, हे बघायला केदार खिडकीपर्यंतही गेला नाही.