चार नंबरचं मशीन

पटलं तर घ्या, न्हाई तर सोडा. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

२०१९ चा मे महिना. उमापूरजवळची चारा छावणी. तीन हजार जनावरं, अन् मी तिथला कॉम्प्युटरवाला.

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला मशीननं वाचायचा. नोंद झाली तरच चारा. रद्द झालेल्या नोंदी सर्व्हरमधून झाडून काढायचं काम मी दुपारी लावायचो. तवा नव्या नोंदी येत नसतात.

पण आमचा व्यवस्थापक, अभिमन्यूशेठ! पुढाऱ्याचा भाचा. गॉगल दोन, अक्कल शून्य.

"झाडलोट सहाला लाव बे. दुपारी मी झोपतो, बघणार कोण?"

ऐन गर्दीत! म्हणजे बाजार भरल्यावर रस्ता झाडायचा.

वर दुसरा हुकूम. बिल्ले वाचणारा आमचा मुंजाजी आठवड्यापूर्वी ऊन लागून गेलता. त्याच्या बायकोची, बायनाबाईची, एकच गाय छावणीत होती.

"मालक मेला. गाय रद्द कर."

रद्द म्हणजे चारा बंद. गाय चार दिवसांत मेली असती. तरी मी बटण दाबलं. नोकरी प्यारी होती ना!

सहा वाजले. झाडलोट सुरू झाली. सर्व्हर रडतखडत चालला होता.

त्या गायीची नोंद पुसली गेली...

अन् परत आली.

पुन्हा पुसली. पुन्हा आली.

नोंद करणारं मशीन, नंबर चार.

ते मुंजाजीचं मशीन. बॅटरी काढून मीच कार्यालयातल्या कपाटात ठेवलेलं. किल्ली माझ्या खिशात.

"नेटवर्कचा घोळ हाय," शेठ म्हणाला. नेटवर्क कशाशी खातात ते तरी ठाऊक होतं का ह्याला!

नोंदीत बिल्ला कुठं वाचला, ती जागा पण येते.

दावण सात...

दावण तीन...

कार्यालयाचं फाटक...

शेठ चपला टाकून पळाला. मोठा मर्द गडी!

मी एकटाच उरलो. बाहेर तीन हजार जनावरं, पण एक बी हंबरत नव्हतं.

पुढची नोंद आली... जागा, कार्यालय.

कपाटात टिक् असं वाजलं. बिल्ला वाचल्यावर मशीन वाजतं, तसंच.

"मुंजाजी, चुकलो रे बाबा!" म्हणत मी गाय परत चालू केली.

नोंदी थांबल्या. बाहेर जनावरं हंबरायला लागली.

शेठ अजून सांगत फिरतो, नेटवर्क गेलतं म्हणून. सांग बाबा, तुझंच तोंड.

गाय मी परत चालू केली, एवढंच बायनाबाईला कळलंय. भेटली की दुवा देते. "तुज्यामुळं माजी गाय जगली रं लेकरा."

मला तिच्याकडं बघवत न्हाई. रद्दचं बटण कुणी दाबलं, ते तिला अजून माहीत न्हाई.

मुंजाजीला माहीत हाय.