दाव्याची गाठ

बातमी आली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कात्री शोधत होते. जानेवारीतला शनिवार होता. इकडे अमेरिकेत, रेडमंडला पाऊस होता, म्हणजे विशेष काहीच नव्हतं. आदल्या दिवशी लहूने मटकी मोडासाठी फडक्यात बांधून टांगून ठेवली होती आणि नेहमीप्रमाणे त्याने मारलेली गाठ मला सुटत नव्हती. आमच्या घरात एक कात्री केवळ त्याच्या गाठींसाठी होती. तो तांदळाची पोती, गाडीवरचं सामान, ख्रिसमसनंतर टाकायचं झाड, सगळं त्याच एका गाठीने बांधायचा आणि मी ती कापायचे.

फोन वाजला. विवेक होता.

"वहिनी... घरीच आहात ना? जरा बसा. लहूभाऊ..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. मला ते विचारावंही लागलं नाही.

बऱ्याच वेळाने दारावर पोलीस अधिकारी आला. त्याने टोपी काढली, आणि मला काहीच माहीत नाही असं धरून सावकाश सुरुवात केली. ही बातमी घेऊन येणारा पहिला माणूस मी आहे याचं वाईट वाटतं, म्हणाला. तो पहिला नाही हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचं कार्ड मी फ्रीजवर लावलं. ते अजून तिथेच आहे.

लहूने ती जुनी शिडाची बोट कोविडनंतरच्या उन्हाळ्यात घेतली होती. आमच्या लग्नापेक्षा जुनी. डेकचं लाकूड एका बाजूला कुजलेलं, इंजिन मेलेलं, शिडांना बुरशी. हिंगणघाटजवळच्या एका गावात त्याचे वडील सालदार होते. दुसऱ्याच्या गोठ्यात, दुसऱ्याचे बैल. त्यांच्या मुलाने अमेरिकेत बोट घ्यावी याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं. पण बोट तो वडिलांनी शिकवलेल्या गाठीनेच बांधायचा, बैलाचं दावं खुंट्याला बांधतात तशी. धक्क्यावरचे जुने खलाशी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "बैल सुटला नाही कधी, ही काय सुटते?"

अपघाताच्या अहवालात मात्र लिहिलं होतं, पुढचा दोर सुटला. अयोग्य गाठ. बोट धक्क्यापासून सरकली, चढताना त्याचा पाय फटीत गेला. जानेवारीतलं पाणी माणसाला फार वेळ देत नाही.

मला सगळं मान्य करता आलं असतं. गाठीचं येत नव्हतं.

तुम्हाला एक आधीच सांगते. आमच्या घरात भूत, आत्मा, पिंड यांना कधी जागा नव्हती. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि गेलेला माणूस गेला हे समजून घ्यायचं. लहूचं पुण्यानुमोदन आम्ही तसंच केलं. विवेकने सगळी धावपळ केली. खुर्च्या, जेवण, भारतातल्या लोकांसाठी झूम. भीमजयंतीच्या एका कार्यक्रमात लहूची आणि त्याची ओळख झाली होती. तो लहूपेक्षा बराच लहान, नागपूरचा, लहूला मोठा भाऊ मानणारा.

बोट विकायची घाईही त्यालाच होती.

"वहिनी, कशाला ठेवताय ती? मी ॲड टाकतो. ॲज इज, नीड्स वर्क. कोणीतरी वेडा घेईल यार."

"लहूसारखा," मी म्हणाले.

तो हसला नाही.

मार्चमध्ये फोटो काढायला मी एकटी धक्क्यावर गेले. विवेकला वेळ नव्हता. आकाश भांड्याच्या बुडासारखं करडं होतं. शिडाचे दोर खांबांवर आपटत होते. टिक... टिक... सगळ्या बोटींचे, आपापल्या तालात. लहूच्या बोटीजवळ पोचले आणि थांबले. पुढचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला दाव्याच्या गाठीने बांधलेला होता.

मी धक्क्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं. मॅनेजर म्हणाला, अपघाताच्या दिवशी त्याने स्वतः बोट पुन्हा बांधली होती, सगळे बांधतात तशी. तो माझ्याबरोबर आला, वाकून बघत राहिला. मग चाकूने दोर कापला आणि नवा दोर बांधून दिला.

"त्या दिवशी विवेकला फोन तुम्हीच केला होता ना?" मी सहज विचारलं.

"कोण विवेक?"

पुढच्या आठवड्यात गेले तर नव्या दोराला तीच गाठ. ओली होती. त्या दिवशी पाऊस नव्हता. केबिनचं कुलूप उघडलं तर आत जवसाच्या तेलाचा वास. लहू लाकडाला तेच लावायचा. डबा झाकलेला होता, फडकं वाळून कडक झालेलं, आणि वास असा की कोणी आत्ताच हात पुसून बाहेर गेलंय.

मी तिथूनच विवेकला फोन लावला.

"तू बोटीवर येऊन गेलास का?"

"मी? नाही हो वहिनी. का?"

"कोणीतरी लहूची गाठ मारतंय."

"कोणीतरी मस्करी करत असेल. मला नका विचारू. मी ती गाठ कधी नीट बघितलीसुद्धा नाही."

एवढं कशाला सांगितलं त्याने? मी फक्त येऊन गेलास का, एवढंच विचारलं होतं.

एप्रिलमध्ये गिऱ्हाईक मिळालं. ग्रेटा नावाची, टकोमा शहरातली बाई, सत्तरीची, पांढऱ्या केसांची छोटी वेणी, हातांवर रंगाचे जुने डाग. तिने अशा कितीतरी बोटी पुन्हा उभ्या केल्या होत्या. कुजलेल्या डेकवर तिने बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि लग्नाच्या बैठकीत मुलगी पसंत पडावी तशी हसली. फक्त बोट पाण्याबाहेर उचलून तळ बघायला हवा, म्हणाली. इंजिन चालत नाही, तर धक्क्याच्या कडेकडेने दोराने ओढत क्रेनपर्यंत न्यावी लागेल. आणखी दोन हात लागतील.

म्हणून विवेकला यावं लागलं.

भर दुपारी आला. "जयभीम वहिनी," म्हणाला आणि बोटीपासून चार हात लांब उभा राहिला. हात जॅकेटच्या खिशात. ग्रेटाने मागचा दोर सोडला, तो हातात धरून ठेवला आणि मला पुढचा सोडायला सांगितलं.

गाठ होतीच.

मी ओढून बघितली. ती आणखी आवळली. ग्रेटाने आपला दोर मला धरायला दिला, पुढे येऊन नखं लावली, मग कमरेला अडकवलेली, गाठी सोडवायची लोखंडी सळई आत घालून बघितली. "आयुष्य बोटींवर गेलं माझं," ती म्हणाली, "ही गाठ बघितली नाही. कुणाची आहे?"

"माझ्या नवऱ्याची."

तिने दोर परत घेतला आणि चाकू काढला. चांगला दोर कापणं तिच्या जिवावर आलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"थांबा, थांबा," विवेक म्हणाला. "कापू नका. मी बघतो."

तो पटकन गुडघ्यावर बसला. दोराचं शेपूट त्याने आधी उलटं आत ढकललं, अंगठ्याने दाबून धरलं आणि मग दुसऱ्या बाजूने ओढलं. गाठ एका झटक्यात उलगडली. पंचवीस वर्षांच्या संसारात मी कधी पाहिलं नव्हतं की ती अशी सुटते.

बोटीचं तोंड धक्क्यापासून हळूहळू दूर जायला लागलं. मधे काळ्या पाण्याची फट उघडली. विवेक दोर धरून तिकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"कधी शिकवली तुला?" मी विचारलं.

"वहिनी..."

"कधी?"

ग्रेटाला मराठी येत नव्हतं, पण सूर कळत होता. ती मागचा दोर घेऊन बोटीच्या शेवटाकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "सकाळी. दोनदा करून घेतली माझ्याकडून. मग म्हणाले, सोड. मी सोडली. त्यांचा एक पाय इकडे होता, एक तिकडे..."

"मग?"

"डॉकवर कोणीच नव्हतं."

"विवेक, मग?"

"वर आले होते ते. त्यांनी दोर धरला. दुसरं टोक माझ्या हातात होतं." त्याचा आवाज इतका खाली गेला की शिडांच्या टिकटिकीत मला वाकून ऐकावं लागलं. "डॉक ओला होता, वहिनी. ते ओढत होते, मी घसरत होतो. मला पोहता येत नाही... मग मी... हात उघडला."

"आणि फोन?"

"पुढच्या आठवड्यात ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू होता. पोलीस, स्टेटमेंट... मला काही सुचेना. गाडीत जाऊन बसलो. मग तुम्हाला केला."

मला रडू आलं नाही. एवढंच मनात आलं की गाठ सुटली नव्हती. ती सोडली होती.

तेवढ्यात बोट थांबली. वारा जमिनीकडून होता, तिला पाण्याकडेच ढकलत होता. तरी ती थांबली, आणि जशी गेली तशी सावकाश परत आली. विवेकच्या हातातला दोर ढिला लोंबत होता. फट मिटली. धक्क्याच्या कडेचं रबर एकदा हलकेच कुरकुरलं. खालून, फळ्यांच्या फटींतून, जवसाच्या तेलाचा वास वर आला.

"ओढली का तुम्ही?" ग्रेटाने लांबून विचारलं.

कोणीच ओढली नव्हती.

विवेकने दोर टाकला आणि निघून गेला. पळाला नाही. पळताना आवाज होईल अशी भीती वाटल्यासारखा भरभर चालत गेला. ग्रेटाने दोन्ही दोर नीट, सगळे बांधतात तसे बांधले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज नको. आधी तुमचं काय ते होऊ दे."

त्यानंतर मी धक्क्यावर दोनदा जाऊन आले. ग्रेटाने मारलेल्या गाठी आहेत तशाच आहेत. बोटीवर आता कसलाही वास येत नाही.

मागच्या रविवारी विवेकच्या बायकोचा, राधिकाचा फोन आला. सकाळची वेळ होती. ती कुजबुजत होती.

"ताई, एक विचारू? हसू नका हं."

"बोल."

"हे झोपेत दोरी कुठून आणतात कळत नाही. रोज सकाळी मनगट पलंगाला बांधलेलं असतं. ओल्या दोराने. डावं मनगट. पहिल्यांदा मी कात्रीने कापलं. दुसऱ्या दिवशी परत. आता दोर इतका जाड असतो की कात्री चालत नाही. आणि रोज जरा जास्त आवळलेला... हात निळा पडलाय, ताई. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणतात."

"विवेक काय म्हणतो?"

"काहीच नाही. छताकडे बघत पडून राहतात. फक्त म्हणतात, वहिनींना विचार. त्यांनी बघितलंय, कशी सुटते." ती थांबली. मागे कुठेतरी पाणी ठिबकल्यासारखा आवाज येत होता. "येते का हो तुम्हाला सोडता?"

मला येते. शेपूट आधी उलटं आत ढकलायचं, अंगठ्याने दाबून धरायचं, मग दुसऱ्या बाजूने ओढायचं.

"आठवून बघते," मी म्हणाले. "परत फोन करते तुला."

आज गुरुवार. राधिकाला मी अजून फोन केलेला नाही.