सुकेशिनीचा श्वास

चहाच्या टपरीवर चौघे एकच गाणं ऐकत होते आणि चौघांच्या बोटांचा ठेका वेगळा होता. चंद्रपुरात आता कुणालाच याचं नवल वाटत नव्हतं. 'नादिका' कानात घातली, की ती कानातल्या रक्तवाहिनीवरून नाडी आणि श्वास ओळखायची आणि गाण्याची लय त्या माणसाला जुळवून द्यायची. धावणाऱ्याला गाणं जलद, आडवं झालेल्याला संथ.

इमरोज पठाणला हे पटत नसे. मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत तो बीट बनवायचा. "गाणं माणसाच्या मागं मागं फिरते," तो चिडून म्हणायचा. "आपल्या अल्बममध्ये माणूस गाण्यामागं येईल."

अल्बमचं नाव 'राखड', वीजकेंद्रातून गावभर उडणारी कोळशाची राख. बीट इमरोजचे, शब्द आणि रॅप सुकेशिनी रामटेकेचे. सुकेशिनीला लहानपणापासून दमा. दोन ओळींच्या मधे ती हवा ओढायची, तो आवाज माइकमध्ये स्पष्ट यायचा.

"कापून टाक ना ते," ती म्हणाली. "म्हातारीवानी वाटते."

"काहून कापू? तोच तर ताल आहे."

त्यानं ड्रम काढले आणि त्या जागी तिचा श्वास बसवला. मग नादिकेची जुळवणी उलटी फिरवली. गाणं आधी ऐकणाऱ्याच्या श्वासाशी जुळे आणि मग कळणारही नाही इतकं हळूहळू त्याला सुकेशिनीच्या लयीवर आणे. या युक्तीला त्यानं नाव दिलं, 'ओढ'.

शेवटचं गाणं रेकॉर्ड होताना तिला दम लागला. ती खाली बसली, इमरोजनं धावत जाऊन दम्याचा पंप तिच्या तोंडाला लावला. माइक चालूच होता. नंतर दोघांनी ते ऐकलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये श्वास अडकत होता, थांबत होता आणि मग शिट्टीसारखा परत येत होता.

"राहू दे," सुकेशिनीच म्हणाली. "खरं आहे ते."

'राखड' गाजला. ऐकून फार शांत वाटतं, असं लोक लिहीत होते. महिन्याभरानं इमरोज बल्लारपूरच्या बसमध्ये बसला होता. समोरच्या बाईची छाती वर झाली, शेजारच्या विद्यार्थ्याची झाली, कंडक्टरचीही झाली. सगळ्यांच्या छात्या एकदम खाली गेल्या. मग सगळ्यांचा श्वास थांबला. कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. कंडक्टरच्या हातात अर्धवट फाडलेलं तिकीट तसंच राहिलं, ओठ निळसर पडले. आणि पूर्ण बसनं एकदम शिट्टीसारखा श्वास आत ओढला. कंडक्टरनं पुढचं तिकीट फाडलं.

इमरोज मधल्याच थांब्यावर उतरला आणि थेट सुकेशिनीकडे गेला. त्याच संध्याकाळी त्यांनी दम लागलेलं ते शेवटचं गाणं सगळीकडून काढून टाकलं.

"झालं ना मग?" तिनं विचारलं.

"नाही झालं. बसमध्ये कुणाच्याच कानात नादिका नव्हती, सुके. त्यांच्या शरीरानं पाठ केलं आहे."

ती उठून उभी राहिली. "मग मैदानावर बोलाव सगळ्यांना. मी शिकवलं ते मीच पुसते. पूर्ण कार्यक्रम सावकाश श्वास घेईन. पाठ करू दे ते."

कॉलेजचं मैदान भरून गेलं. पहिल्या तीन गाण्यांत सगळं नीट चाललं. ती श्वास घेई तेव्हा मैदानभर वारा फिरल्यासारखा आवाज होई. इमरोजच्या अंगावर काटा येत होता, पण लय संथ होती, निरोगी होती. चौथ्या गाण्यात लोकांनी नाचायला सुरुवात केली. धूळ उठली. सुकेशिनीचा शब्द मधेच तुटला.

तिनं पंप दाबला. फुस्स झालं, त्यात काही उरलं नव्हतं. ती गुडघ्यांवर आली. मैदान शांत झालं. हजारो माणसं उघड्या तोंडानं उभी होती आणि एकाचीही छाती हलत नव्हती. पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे उघडे ठेवूनच खाली कोसळली.

इमरोजला एकच सुचलं. पहिल्या गाण्यातला सुकेशिनीचा मोकळा, लांब श्वास स्पीकरवर सोडायचा. त्यानं तो शोधला, बटण दाबलं.

मैदानानं श्वास घेतला. लाटेसारखा, मागच्या रांगेपासून पुढं येत. पडलेल्या मुलीनं घेतला. आणि मंचावर सुकेशिनीची छाती उघडली, जणू कुणी बाहेरून खेचून उघडावी तशी. पुन्हा एक. पुन्हा एक. तिच्या गालांवर रंग आला.

इमरोज धावत तिच्यापाशी गेला. "वाचलीस. माझं रेकॉर्डिंग कामी आलं."

तिनं नकारार्थी मान हलवली. बोलायला अजून जड जात होतं. "कोणतं रेकॉर्डिंग? आवाजच नाही आला."

त्यानं वळून पाहिलं. ती खाली कोसळताना तिच्या पायात अडकून स्पीकरची वायर निघाली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर गाणं चालू होतं, बाहेर काहीच येत नव्हतं.

मैदान अजून संथपणे श्वास घेत होतं, सोडत होतं. आणि सुकेशिनी, तिला नको असतानाही, त्याच लयीत घेत होती, सोडत होती.

"इमरोज," ती म्हणाली, "मी तर थांबले होते. मग हा पहिला श्वास घेतला कोणी?"