दोन सीटचं विमान

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर माणसानं गप उभं राहून दूध प्यावं. समोर म्हैस, हातात फेसानं भरलेला ग्लास, अजून काय पाहिजे? पण माझ्या शेजारचा लाल स्वेटरवाला फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलत होता की म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या. चार सीटचंच पाहिजे, इंजिन दणकट पाहिजे, शाळेला शोभलं पाहिजे...

मला वाटलं, स्कूलबस घेतोय. मग तो पंखांवर आला आणि मी कान टवकारले. मी दीप्ती, विमानांची इंजिनिअर. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरही तिथंच, उजळाईवाडीत. त्यानं फोन ठेवला आणि मला काही राहवलं नाही.

"विमान शिकवायच्या शाळेसाठी घेताय?"

"व्हय..." तो दचकला.

"मग शिकणारा एक, शिकवणारा एक. मागच्या दोन सीटवर काय उसाच्या मोळ्या ठेवणार?"

त्याच्या ओठावर दुधाच्या फेसाची पांढरी मिशी आली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मी हसले. त्याला वाटलं, मी त्याच्या विमानाला हसले. झालं, तो भांडायलाच लागला. भांडता भांडता त्यानं माझ्यासाठी दुसरा ग्लास मागवला, हे मात्र मी लगेच हेरलं.

त्याचं नाव प्रसेनजीत, गाव कागल. राजस्थानातल्या एका शाळेत तो पोरांना विमान शिकवायचा आणि महिन्याभराच्या रजेवर आला होता. आपल्या भागातल्या पोरांना शिकायला एवढं लांब जावं लागू नये, शाळा इथंच काढायची, हे त्याचं जुनं खूळ. पैसे मामांचे. केरबामामांची हायवेलगतची जमीन रस्ता रुंदीकरणात गेली होती, त्याचे आलेले. मामा म्हणजे आयुष्यभर म्हशी पाळलेला माणूस. त्यांनी साफ सांगितलं होतं, भाच्याची रजा संपायच्या आत विमान ठरलं तर ठरलं, नाहीतर पैसा मोठ्या गोठ्यात जाणार. आणि हुबळीच्या पुढं एका खासगी धावपट्टीवर असलेल्या जुन्या चार सीटच्या विमानाला त्यांनी विसार म्हणून आगाऊ रक्कम देऊनही टाकली होती. विमान न बघता! फोटोत झळाळतंय म्हणून!

"तुम्ही बघून द्याल काय?" प्रसेनजीतनं विचारलं. मी हो म्हणाले. विमानासाठीच म्हणाले, असं तेव्हा तरी मला वाटलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही विमानतळाच्या कुंपणाबाहेर चहाच्या गाड्यावर भेटायला लागलो. थंडीचे दिवस होते, लांब कुठंतरी गुऱ्हाळ सुरू झालेलं, गोडसर वास यायचा. मी त्याला कागदावर आकडे मांडून समजावायची – बाबा रे, किंमत एकदाच द्यायची असते, खर्च रोज. दोन सीटचं नवं छोटं विमान घे. ते साध्या पंपावरच्या पेट्रोलवर उडतं आणि तासाला पितंही निम्मं. तुझ्या त्या चार सीटवाल्याला विमानाचं खास पेट्रोल लागतं, ते महाग आणि इथं मिळायची मारामार. शिकाऊ पोरं उतरताना विमान दणादण आपटणार, म्हणून चाकं मजबूत हवीत आणि सुटे भाग लगेच मिळायला हवेत. विमान दुरुस्तीला पडून राहिलं की पोरं बसून, शाळा बसून.

तो मान हलवत ऐकायचा. पण नजर कागदावर कमी आणि माझ्यावर जास्त... एकदा म्हणाला, "नवरासुद्धा असाच बघणार काय? कमी खाणारा, दणकट, सुटे भाग मिळणारा?"

"नवऱ्याचे सुटे भाग मिळत नाहीत," मी म्हणाले, "म्हणून त्याला जास्त तपासून घेणार."

"तपासणी कधी सुरू होणार?"

मी चहात तोंड घातलं. तपासणी केव्हाच सुरू झाली होती, पण हे त्याला कशाला सांगायचं?

रजेच्या शेवटच्या आठवड्यात मामा, प्रसेनजीत आणि मी, तिघं गाडीनं ते विमान बघायला निघालो. पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. विमान दिसायला खरंच देखणं, पांढरंशुभ्र, निळ्या पट्ट्याचं. मालकाचा माणूस म्हणाला, आठ दिवसांत हातसुद्धा लावला नाही बघा. त्यानं कळ फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मामा खूश. प्रसेनजीत आत जाऊन बसला आणि काचेतून त्याचा चेहरा दिसला... जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. मी नजर दुसरीकडं वळवली.

कारण इंजिन सुरू व्हायच्या आधीच मी त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवून बघितला होता. विमान सावलीत असूनही पत्रा कोमट होता.

मी एवढंच म्हणाले, उद्या पहाटे थंड इंजिन सुरू करून बघू, मग ठरवू. मालकाच्या माणसाचं तोंड उतरलं.

पहाटे धुकं होतं. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं. बऱ्याच वेळानं कसंबसं धरलं आणि निळ्या धुराचा लोट सोडला. मी खोलून तपासलं. आतून झिजलेलं, तेल जाळणारं इंजिन. आज ना उद्या नवंच बसवावं लागलं असतं, आणि तेही विमान वर असताना दगा देण्याआधी.

मला हो म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू? नाही म्हटलं की मामांचा पैसा गोठ्यात, शाळा हवेत आणि प्रसेनजीत सोमवारी राजस्थानात. हो म्हटलं की तो रोज माझ्या डोळ्यांसमोर. ओठांवर आलं होतं ते...

"हे घेऊ नका," मी म्हणाले.

प्रसेनजीतनं मान खाली घातली. मामा भडकले. विसार दिलाय, शब्द दिलाय, काल तर एका फटक्यात चालू झालं होतं की, असं बरंच काही बोलले. त्यांचं बोलून होईपर्यंत मी थांबले.

"मामा, काल आपण यायच्या आधी त्यांनी ते तापवून ठेवलं होतं. मी हात लावून बघितला होता."

मामा विमानाभोवती एक फेरी मारून आले आणि मालकाच्या माणसासमोर उभे राहिले.

"बाजाराच्या आधी धार काढायची न्हाय, कास तुंबवून म्हस उभी करायची, म्हंजी लई दुधाची वाटती. ही कळा मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय, पावणं," ते शांतपणे म्हणाले. "विसार ठेवा तुमच्याकडं. चला रं."

परत येताना निपाणी आली. मग मामांनी पुढच्या सीटवरून न वळता विचारलं, "पोरी, तुझं ते दोन सीटचं. तासाला खातं किती?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेमधे आडवेतिडवे प्रश्न विचारले, सगळे मुद्द्याचे. शेवटी म्हणाले, "चारा कमी नि दूध रोज. घिऊ." पण नवं विमान मागवलं तर यायला वर्ष लागणार होतं, म्हणजे प्रसेनजीतला तोवर नोकरीवर परत जाणं भागच होतं. हे ठरलं आणि मामा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले.

गाडी प्रसेनजीत चालवत होता. आरशातून त्यानं माझ्याकडं बघितलं.

"नको म्हणालीस तर मला जावं लागणार, हे ठाऊक होतं न्हवं तुला?" तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता.

"होतं."

"मी इथं राहावं असं... वाटत नव्हतं?"

"लई वाटत होतं."

"मग?"

मी बाहेर बघितलं. उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. किती दिवस गिळलेलं बोलायचं तर आत्ताच, नाहीतर वर्षभर गिळत बसायचं.

"त्या विमानात तू बसणार होतास," मी म्हणाले. "दुसरं कुणी असतं तरी नाहीच म्हणाले असते. पण तू होतास म्हणून... रात्रभर झोप नव्हती मला."

आरशातले त्याचे डोळे भरून आले. गाडी चालत राहिली. हा रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं.

"आरं," मामा डोळे न उघडता म्हणाले, "कागल मागं गेलं की."

प्रसेनजीतनं करकचून ब्रेक मारला. गोकुळ शिरगाव आलं होतं. आभाळात वाट न चुकणारा गडी स्वतःच्या गावाचा फाटा चुकला होता. तो गाडी वळवायची जागा शोधायला लागला, तर मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. फुडं उजळाईवाडीच हाय," ते म्हणाले आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. "तुझे आईबाप घरात असतील न्हवं?"